कुवेतच्या कोर्टांवर नऊ दिवस आणि एक गुण

"कुवेतमध्ये तुला काय काय बघायचंय ते सांग, म्हणजे मी रजा टाकतो," असं मिलिंद फोनवर म्हणाला. मी म्हटलं, बास्केटबॉलची कोर्टं. माझा आवाज तुटतोय असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

मिलिंद माझा धाकटा भाऊ. वीस-बावीस वर्षांपूर्वी नागपूर सोडून तिकडे गेला आणि एका बँकेच्या आयटी विभागात चिकटला. मी नागपुरातल्या एका शाळेत पीटी शिकवून गेल्या वर्षी निवृत्त झाले. पण माझी खरी ओळख टेबलावरची. बास्केटबॉलच्या सामन्यात कोर्टाच्या कडेला जे टेबल असतं, तिथं बसून स्कोअरशीट लिहिणारी बाई म्हणजे मी. तीस वर्षांत शाळांचे, कॉलेजांचे, जिल्ह्याचे किती सामने लिहिले याची मोजदाद नाही. माझं अक्षर वाईट आहे, पण स्कोअरशीट चुकलं असं माझ्याबाबतीत कुणी म्हणू शकत नाही. हे मी नम्रपणे सांगत नाहीये, तशीच वस्तुस्थिती आहे.

आणि मिलिंदची मुलगी रेवा तिथल्या एका खासगी कॉलेजच्या मुलींच्या संघाची कॅप्टन. जन्म कुवेतचा, वय वीस, तिसऱ्या वर्षाला. तिचा खेळ मी आजवर फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिला होता. जानेवारीअखेर तिची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. मग ठरलंच.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी आधी कामाचं. जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. सकाळी स्वेटर लागतो, दुपारी ऊन कोवळं असतं. मे महिन्यात कुणी बोलावलं तर प्रेमानं नाही म्हणा. कुटुंबभेटीचा व्हिसा मिलिंदनं तिथूनच काढला, मला फक्त पासपोर्टची स्वच्छ प्रत पाठवावी लागली. नागपूरहून मुंबई, तिथून साधारण चार तास. एक दिनार म्हणजे पावणेतीनशे रुपयांच्या आसपास, आणि दिनारात हजार फिल्स. शंभराचा हिशेब डोक्यातून काढायला मला दोन दिवस लागले.

मिलिंदचं घर सबाह अल-सालेममध्ये. रुंद रस्ते, वाळूच्या रंगाच्या इमारती, खाली एक बकाला, म्हणजे आपलं किराणा दुकान, आणि त्याच्या शेजारी इराणी भट्टी. पहाटे तिथून गरम खुबूस आणायचं काम मी पहिल्याच सकाळी स्वतःकडे घेतलं. वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेल्या त्या मोठ्या पोळ्या घरी पोचेपर्यंत एक तरी कमी होतेच. मिलिंदची बायको शिल्पा एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. साडेसहाला ती बाहेर पडायची, त्याआधी आम्ही दोघी उभ्या उभ्या खुबूस आणि ठेच्याचा नाश्ता करायचो. ठेचा मी नेलेला.

रेवा मला पहिल्या दिवशी जरा लांबूनच भेटली. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. चुकून एखादं मराठी वाक्य आलं तर ते अस्सल नागपुरी असायचं, कारण ते तिनं बापाकडून उचललेलं. "आत्या, प्रॅक्टिसला येतेस का? बोअर होशील पण," असं तिनं विचारलं तेव्हा मी बूट घालूनच बसले होते.

तिचं कॉलेज सालमियाच्या बाजूला. टॅक्सीनं अडीच दिनार झाले, बसनं गेलात तर काही शे फिल्समध्ये काम होतं, पण वेळ दुप्पट. कॉलेजचा हॉल लहान, चकचकीत, वातानुकूलित. मुली नाना देशांच्या. दोन कुवेती, एक लेबनॉनची, एक आपल्या केरळची, एक इजिप्तची, आणि मधोमध पाच फूट तीन इंचांची आमची रेवा, सगळ्यांना हुकूम सोडत. घरात तोंडातल्या तोंडात बोलणारी पोरगी इथं शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशी बोलत होती. तिचा डावा हात उजव्याइतकाच चालतो हे मी पहिल्या पाच मिनिटांत टिपलं. आणि पास देण्याआधी ती ज्याला द्यायचा त्याच्याकडे कधीच बघत नाही, हेही. ही गोष्ट शिकवून येत नाही. शिकवायचा प्रयत्न मी तीस वर्षं केलाय.

तिथंच रफीकभाई भेटले. गुहागरचे. वय साठीच्या आसपास, मेहंदी लावलेली दाढी, हातात टेप. खेळाच्या हॉलची लाकडी जमीन घासून पॉलिश करणं, रेषा रंगवणं, रिंगा बसवणं हा त्यांचा धंदा. रेवा त्यांना लहानपणापासून रफीक अंकल म्हणते. मी मराठी बोलतेय हे ऐकून ते शिडीवरून उतरून आले.

"नागपूरच्या तुम्ही? मग तुमाला लाकडाचं कोर्ट बघायला इकडं यावं लागलं," ते हसत म्हणाले. मी त्यांना आमच्या सिमेंटच्या कोर्टांबद्दल सांगितलं. गुडघ्यांबद्दलही सांगितलं. त्यांनी लगेच ठरवून टाकलं की शुक्रवार-शनिवार, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, ते मला कुवेतची कोर्टं दाखवणार. मिलिंदची रजा वाचली.

शुक्रवारी सकाळी त्यांची पिकअप गाडी घराखाली उभी. मागे रंगाचे डबे आणि एक सुटी रिंग. आम्ही आधी बनेद अल-गारला गेलो. शहराच्या टोकाशी, समुद्राला लागून असलेली ही जुनी वस्ती. दाटीवाटीच्या इमारती, खाली भारतीय हॉटेलं, न्हावी, शिंपी. रफीकभाई कुवेतमध्ये आले तेव्हा इथंच एका खोलीत सहाजणांत राहायचे. तिथल्या एका टपरीवजा हॉटेलात दीडशे फिल्सचा दुधाळ, वेलदोड्याचा चहा आणि गरम फलाफलचं सँडविच घेतलं. सँडविच माणशी एक पुरेसं आहे. मी दोन घेतली.

समुद्राकाठच्या रस्त्यालगत मैलभर चालायची वाट आहे, आणि अधूनमधून उघडी कोर्टं. शुक्रवारी तिथं फिलिपिनो पोरांचे संघ सकाळपासून खेळत असतात, रंगीत जर्सी, पाठीवर नावं, आपले पंच, आपला गुणफलक. मी जाळीला नाक लावून पाऊण तास उभी राहिले. एवढी शिस्त मी काही अधिकृत स्पर्धांतही पाहिली नाही. तिकीट नाही, विचारणारं कुणी नाही. कुवेतला गेलात आणि मॉल बघून कंटाळलात तर शुक्रवारी सकाळी इथं या, वाऱ्यासाठी कानाला काहीतरी बांधा.

रफीकभाईंना कोर्ट बघायची स्वतःची रीत आहे. ते वर रिंगकडे बघतच नाहीत. आत शिरले की खाली वाकतात, तळव्यानं जमीन चाचपतात आणि त्या हॉलची कुंडली सांगतात. इथं छत गळत होतं, इथं पॉलिश स्वस्तातलं, इथं व्हॉलीबॉलवाल्यांनी खांब ओढत नेले. दोन दिवसांत आम्ही सात हॉल पाहिले. त्यातला एक सरकारी विद्यापीठाचा, इतका मोठा की आमच्या शाळेची इमारत मैदानासकट आत मावली असती.

शनिवारी अहमदीला गेलो. दक्षिणेला अर्ध्या-पाऊण तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना सपाट वाळू, आणि मग एकदम झाडं. खरीखुरी, सावली देणारी झाडं. तेल कंपनीनं आपल्या लोकांसाठी वसवलेलं हे गाव, कौलारू नाहीत पण बंगलेच म्हणावेत अशी बसकी घरं, कुंपणाला बोगनवेल. इथल्या एका जुन्या हॉलमध्ये रेवाच्या स्पर्धेची अंतिम फेरी होणार होती.

हॉल मला पाहताक्षणी आवडला. लाकडी बाकांच्या पायऱ्या, उंच खिडक्या, जमिनीला तो जुन्या लाकडाचा मधासारखा रंग. रफीकभाई मात्र तीन गुणांच्या रेषेपाशी उकिडवे बसले आणि त्यांनी मला जवळ बोलावलं. तिथं एक नाही, दोन रेषा होत्या. बऱ्याच वर्षांपूर्वी नियम बदलून रेषा मागे सरकली, तेव्हा नवी रंगवली गेली, पण जुनी घासून पूर्ण निघाली नव्हती. फिकी, पण दिसत होती. अर्ध्या मीटरचं अंतर.

"उन्हाळ्यात सगळी जमीन घासायचीय, तेवा ही जाईल," ते म्हणाले. "तोवर बघणाऱ्याची फसगत."

परतताना त्यांनी फहाहीलच्या मासळी बाजारातून हमूर घेतला आणि आपल्या घरी नेऊन बायकोच्या हातचं कोकमाचं कालवण मला खायला घातलं. परदेशात राहून इतकं गुहागरी जेवण मी गुहागरलाही जेवले नसेन.

रविवारी रेवाच्या संघानं उपांत्य सामना आरामात जिंकला. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता अंतिम सामना.

इथं एक सूचना. मुलींच्या सामन्यांना तिथं कधीकधी फक्त बायकांना प्रवेश असतो आणि मोबाइल दारावर ठेवून घेतात. आधी विचारून जा. त्या दिवशी तसंच होतं. मिलिंद लेकीचा अंतिम सामना बघायला ऑफिसातून लवकर निघून आला होता आणि त्याला बाहेर गाडीत बसावं लागलं. तो तसा रेवाच्या खेळाबद्दल फारसं बोलत नाही. अभ्यास सांभाळून काय ते कर, एवढंच त्याचं म्हणणं. पण त्या दिवशी त्यानं मला आत जाताना थांबवून सांगितलं की ताई, नीट बघ आणि मला नंतर सगळं सांग, पहिल्यापासून.

मी वही घेऊनच गेले होते. सामना बघताना हातात स्कोअर लिहायला काही नसेल तर मला सुचत नाही. आकड्यांचे रकाने आखायचे, बास्केट झाली की खेळाडूचा नंबर, आकड्यावर तिरकी रेघ, तीनची असेल तर नंबराभोवती गोल. शिल्पा शेजारी बसून बोटं मोडत होती.

समोरचा संघ उंच होता. त्यांची कॅप्टन दानाह नावाची कुवेती मुलगी, सहा फुटांना थोडी कमी, रिंगखाली उभी राहिली की दार बंद झाल्यासारखं वाटायचं. आमच्या मुली धावून, फिरवून, दमवून गुण काढत होत्या. मध्यंतराला आम्ही तीन गुणांनी मागे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये रेवा पेटली. डावीकडून ड्रिबल करत आली, थांबली आणि लांबून टाकला. जाळीचा फक्त आवाज आला. आमच्या बाजूच्या सगळ्या बायका उठल्या.

मी लिहिलं. दोन गुण. कारण तिचे पाय दोन रेषांच्या मध्ये, म्हणजे नव्या रेषेच्या आत होते आणि जवळच्या पंचाचा हात वर गेला तेव्हा मी दोन बोटं पाहिली होती.

क्वार्टर संपला तेव्हा बोर्डवर आमचे एक्केचाळीस होते. माझ्या वहीत चाळीस.

मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. माझं बरोबर होतं. टेबलावर एक तरुण शिक्षिका लिहीत होती, आणि तिथून, त्या कोनातून, त्या जुन्या रेषेमुळे तो शॉट तीनचा वाटणं अगदी साहजिक होतं. माझ्या नागपूरच्या मुलींनी चौथीत असताना अशी चूक केली तर मी त्यांना पाणी पाजून पुन्हा टेबलावर बसवते.

आता सांगायची गोष्ट अशी की मी तेव्हा उठले नाही. मी प्रेक्षक आहे, मला अधिकार नाही, पंचांनी आपसांत काही ठरवलं असेल, माझा चष्मा जुना आहे, अशी कारणं मी दहा मिनिटं स्वतःला देत होते. खरं कारण एकच. तो गुण आमचा होता. आमच्या मुलींनी पाच-सहा गुणांची आघाडी घ्यावी म्हणजे त्या एकाला काही अर्थ उरणार नाही, असा धावा करत मी सगळा चौथा क्वार्टर लिहिला.

त्यांनी घेतली नाही. शेवटचा भोंगा वाजला तेव्हा बोर्डवर चोपन्न-त्रेपन्न.

मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. शिल्पा मला मिठी मारून, डोळे पुसत, मिलिंदला फोन करायला दाराकडे धावली. मी टेबलाकडे बघत होते. मुख्य पंच ट्युनिशियाची एक सडपातळ बाई होती, ती शिट्टी गळ्यातून काढत सावकाश टेबलाकडे निघाली होती. नियम असा आहे की मुख्य पंचांची स्कोअरशीटवर सही होईपर्यंत गुणांची चूक दुरुस्त करता येते, निकाल बदलत असला तरी. सही झाली की संपलं, मग तो निकाल दगडावरची रेघ.

वही काखेत मारून मी पायऱ्या उतरले. मी रेवाला त्या घोळक्यातून दंडाला धरून बाजूला काढलं. तिला वाटलं मी शाबासकी द्यायला आलेय. ती माझ्या गळ्यात पडली, घामानं चिंब.

"रेवा, ऐक," मी तिच्या कानाशी म्हटलं. "तिसऱ्या क्वार्टरमधला तुझा डावीकडचा शॉट दोनचा होता. बोर्डवर तीन लागलेत."

ती मागे सरली. "आत्या, नॉट नाऊ."

"आत्ताच. सही झाल्यावर काही करता येत नाही. आणि बोलायचं तर कॅप्टननं बोलायचं असतं. मला तिथं कुणी विचारणार नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बोर्डाकडे, मग तिच्या मुलींकडे. केरळची मुलगी जमिनीवर उताणी पडून हसत होती. ती माझी विद्यार्थिनी असती तर मी तिला ओढत नेलं असतं. पण ही संघाची कॅप्टन होती आणि तो संघ माझा नव्हता.

रेवा वळली आणि टेबलाकडे चालत गेली. धावत नाही, चालत. पंच बाईनं पेन उचललं होतं. रेवा काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण तिनं जमिनीकडे बोट दाखवलं, दोन रेषांच्या मध्ये. पंच बाईनं दुसऱ्या पंचाला बोलावलं. तिनं दोन बोटं वर केली आणि मान हलवली, हो, मी दोनच दिले होते. शीट उलगडलं गेलं. ती तरुण शिक्षिका लाल झाली, तेव्हा पंच बाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच्या हातानं आकडा दुरुस्त केला. त्रेपन्न-त्रेपन्न. जादा पाच मिनिटांचा खेळ.

हॉलमध्ये जो गोंधळ झाला तो मी लिहीत नाही. आमच्याच मुलींपैकी एकीनं पाण्याची बाटली भिंतीवर मारली. प्रशिक्षक बाईंनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि मग खाली घेऊन टाळ्या वाजवल्या, चला, मैदानात. दमलेल्या, आनंद करून मोकळ्या झालेल्या मुलींना पुन्हा उभं करणं म्हणजे काय ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. रेवानं दोन बास्केट केल्या. दानाहनं रिंगखाली दार लावून घेतलं. साठ-सत्तावन्न. आम्ही हरलो.

हात मिळवताना दानाह रेवापाशी थांबली, वाकून काहीतरी म्हणाली आणि पुढे गेली. चषक त्यांनी उचलला.

बाहेर मिलिंद गाडीला टेकून उभा होता. शिल्पाच्या पहिल्या फोननंतर त्यानं नागपूरच्या सगळ्या नातेवाइकांना जिंकल्याचा निरोप धाडला होता आणि दोन किलो मिठाई आणली होती. रेवा मागच्या सीटवर बसली आणि तिनं कानात हेडफोन घातले. वाटेत दूर तेलविहिरींच्या ज्वाळा दिसत होत्या. एरवी मी त्यांच्याबद्दल दहा प्रश्न विचारले असते.

घरी रेवा खोलीत गेल्यावर मिलिंद हळू आवाजात म्हणाला, "ताई, तू पाहुणी आली होतीस. पंच बनून कशाला राहिलीस तिथं?"

लागलं ते. मी त्याला सांगितलं की चूक ती चूक असते, आणि तू आपल्याच आईबापांच्या घरात वाढलास. पण ते त्याला नाही, मलाच पटवत होते, कारण मला सलत होतं ते वेगळंच. मी सांगितलं याचं मला वाईट वाटत नव्हतं. उशिरा सांगितलं याचं वाटत होतं. तिसऱ्या क्वार्टरनंतर, खेळ थांबलेला असताना, मी खाली जाऊन शांतपणे टेबलाशी बोलले असते तर एका मुलीला जिंकल्यानंतर हरावं लागलं नसतं.

बुधवारचा सगळा दिवस रेवा बाहेर होती. मी पहाटे खुबूस आणलं, त्यातलं निम्मं उरलं. शिल्पानं जाताना माझा हात दाबला, तेवढंच. मी एकटीच समुद्राकडे गेले आणि परत आले.

गुरुवारी संध्याकाळी, माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी, रेवा चेंडू घेऊन माझ्या समोर उभी राहिली आणि चल म्हणाली. घरापासून गाडीनं पाच-सात मिनिटांवर समुद्राजवळ एक उघडं कोर्ट आहे. एका बाजूची जाळी फाटलेली. ऊन उतरत होतं. ती बराच वेळ एकटीच शॉट मारत राहिली आणि मी चेंडू परत देत राहिले. मग मीच तोंड उघडलं. मी तिला सांगितलं की मला तिसरा क्वार्टर संपतानाच कळलं होतं, आणि मी दहा मिनिटं गप्प बसले, कारण मला तुम्ही जिंकायला हव्या होतात. त्याबद्दल मी तिची माफी मागितली.

तिनं चेंडू काखेत धरला.

"मलापण," ती म्हणाली. "आय सॉ हर फिंगर्स. बोर्डवर तीन आलं ते पण पाहिलं. आणि मी पळत राहिले."

मग मी तिला विचारलं की दानाह काय म्हणाली होती. रेवा म्हणाली, "शी सेड, आय वुडन्ट हॅव." मी नसतं केलं. रेवा हे सांगताना हसली नाही, तिला त्याचं कौतुकही वाटलेलं नव्हतं. तिला अजून राग होता, माझा, स्वतःचा, आणि त्या रेषेचा. तिनं तसं स्पष्ट सांगितलं. मग चेंडू माझ्याकडे फेकला आणि म्हणाली की आता तू टाक. माझे पहिले चार रिंगला लागले नाहीत. पाचवा गेला. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त चेंडू परत दिला, आणि अंधार पडेपर्यंत आम्ही आळीपाळीनं टाकत राहिलो.

शुक्रवारी विमानतळावर मिलिंदनं मला सोडलं. बॅग तपासणीच्या रांगेपर्यंत येऊन तो म्हणाला की पहिल्यापासून सांगणार होतीस ना सामना. मग तिथंच, ट्रॉली बाजूला लावून, मी त्याला सगळा सामना सांगितला, पहिल्या टिपऑफपासून. टेबलाकडे चालत जाणाऱ्या रेवापर्यंत आल्यावर त्यानं मला ती चालत कशी गेली ते पुन्हा सांगायला लावलं.

नागपूरला लोक विचारतात, कुवेत कसं आहे? मी सांगते, जा. पैसे फार लागत नाहीत जर घर आपलं असेल. समुद्राकाठची शुक्रवारची कोर्टं बघा, अहमदीची झाडं बघा, कुणी गुहागरचं भेटलं तर जेवायला नाही म्हणू नका. आमच्याकडे टेबलावर बसायला शिकणाऱ्या मुलींना मी आता एक गोष्ट जास्त सांगते. शंका आली की त्याच क्षणी उठा. आपलं कोण जिंकतंय ते बघत बसू नका. कुणाची गोष्ट आहे ते मी सांगत नाही.

मार्चमध्ये रेवाचा फोन आला. पुढच्या वर्षीच्या कॅप्टनसाठी संघात मतं घेतली होती. लेबनॉनची मुलगी निवडून आली. रेवाला तीन मतं पडली, त्यातलं एक तिचं स्वतःचं. ती हे अगदी सपाट आवाजात सांगत होती. मी म्हटलं, बेटा, माझ्यामुळे झालं हे. मी त्या दिवशी तुला सांगायलाच नको होतं की काय.

"आत्या, तू फक्त सांगितलंस," ती म्हणाली, मराठीत, सावकाश. "गेले तर मी."